सभा तहकूब

आमच्या धाकट्या मेहुण्यांइतका कायद्याला भिणारा माणूस अख्ख्या ठाणे जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही, आणि करार म्हणजे काय हे त्यांनी ज्याला समजावलं नाही असाही माणूस या जिल्ह्यात फारसा उरला नसेल. हे माझ्या पाठच्या बहिणीचे यजमान. वागळे इस्टेटमध्ये त्यांचा रबराचे वायसर, सील असलं काहीबाही करणारा छोटा कारखाना, राहायला डोंबिवलीत. कारखाना एवढासा असला तरी कंपनी प्रायव्हेट लिमिटेड, आणि तिचे संचालक दोन. एक मेहुणे, दुसरी माझी बहीण. आता अशा कंपन्यांत बायको कशी असते ते तुम्हाला सांगायला नको. दोन नावं लागतात म्हणून एक तिचं घालतात, आणि ती बिचारी पोळ्या लाटता लाटता दाखवाल तिथे सही करते. पण आमचे मेहुणे पडले कायद्याचे. कायद्याला वर्षातून चार सभा पुरतात, हे दर महिन्याला घ्यायचे. आठवडाभर आधी नोटीस फ्रिजला चुंबकाने लागायची. शनिवारी चार वाजता जेवणाच्या टेबलाशी हे इस्त्रीचा शर्ट घालून बसायचे आणि बहिणीला 'मॅडम' म्हणायचे. तिने एकदा नोटिशीखाली पेन्सिलीने लिहिलं, 'विषय क्रमांक पाच : गॅस संपत आला आहे.' त्यांनी तो विषयही चर्चेला घेतला, आणि कंपनीच्या कक्षेत येत नाही म्हणून रीतसर फेटाळला. दोन दिवसांनी गॅस गेला, तेव्हा माझ्याकडे जेवायला आले.

कंपनी वेगळी आणि मी वेगळा, हा त्यांचा जप. कंपनी म्हणजे कायद्याच्या लेखी एक स्वतंत्र माणूस, तिच्या वस्तूला आपण हात लावायचा नाही. एकदा कारखान्यातून भर पावसात चिंब होऊन घरी आले. कारखान्यात छत्री होती, पण ती कंपनीची. बहीण टॉवेल देत म्हणाली, मालक भिजले तरी चालतील, कंपनीला पडसं होता कामा नये. मी कधी लाडू पाठवले तर माझा डबा रिकामा परत यायचा नाही. आपल्याकडे कोणीच रिकामा पाठवत नाही म्हणा, पण यांचं कारण निराळं. मोबदल्याशिवाय करार पोकळ असतो, ताई, आपल्या आयांना हे कोर्टाच्या आधी कळलेलं, असं म्हणून डब्यात मूठभर शेंगदाणे घालून द्यायचे.

बहीण रुसली की मात्र पंचाईत. ती टेबलाशी आलीच नाही तर दोघांचा कोरम कुठला? मग अर्धा तास वाट बघून मेहुणे लिहायचे, सभा तहकूब. आणि कायद्याने अशी सभा पुढच्या आठवड्यात त्याच वारी, त्याच वेळी, त्याच ठिकाणी भरते, म्हणून यांची भांडणं बरोबर आठवडाभर चालायची. पण ती बसली की नुसती बसत नसे. कराराच्या कागदात 'कोणत्याही कारणास्तव' असं आलं की विचारायची, म्हणजे कोणत्या? माल उशिरा गेला तर दंड आपण भरायचा, मग त्यांनी माल उशिरा उचलला तर? मेहुणे चिडायचे, टेबलावरून उठून गॅलरीत जायचे, आणि परत येऊन ते कलम बदलायला घ्यायचे.

आठेक महिन्यांपूर्वी तिच्या पोटात गाठ निघाली. ऑपरेशनच्या दिवशी मी तिथेच होते. तिला आत न्यायच्या आधी मेहुण्यांच्या हातात संमतीचा कागद दिला, आणि यांनी तो पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. मागे माणसं खोळंबली. सर्व परिणामांची जबाबदारी म्हणजे नक्की कोणत्या, असं ते नर्सला विचारत होते. तेव्हा स्ट्रेचरवरून बहीण म्हणाली, "अहो, करा आता सही. थंडी वाजतेय मला." त्यांनी केली. उरलेलं पान न वाचता. ती ऑपरेशनमधून बाहेर आली, पण घरी आली नाही. पुढे कितीतरी दिवस ते मला एकच सांगायचे, ताई, शेवटचं पान मी वाचलं नव्हतं. मी म्हणायचे, वाचलं असतंत तरी काय झालं असतं?

दोनेक महिन्यांनी त्यांच्या फोरमनचा मला फोन आला. हा माजिवड्याचा माणूस, मिसरूड फुटल्यापासून तिथे कामाला. म्हणाला, "ताई, शेठ काय ऐकत नाय. पंपवाले बोलतात आता थांबणार नाय. तुमी एकदा बोला ना." कारखाना चालायचा तो पुण्याच्या एका पंप बनवणाऱ्यांच्या ऑर्डरींवर. त्यांचा तीन वर्षांचा करार संपत आला होता, नवा करायचा तर संचालकांचा ठराव लागतो, आणि एकट्या संचालकाला ठराव करता येत नाही. एकट्याला करता येतं ते एवढंच, की दुसरा संचालक नेमायचा. सीए सांगून थकले, पुतण्याला घ्या, भाच्याला घ्या, कोणालाही घ्या. मेहुणे कोणालाच घेईनात. करार गेला असता तर कारखान्यातल्या सगळ्या माणसांना कुलूप बघायला लागलं असतं.

मी कल्याणहून डोंबिवलीला गेले, तो शनिवारच होता. चार वाजलेले. मेहुणे इस्त्रीचा शर्ट घालून टेबलाशी बसलेले, समोरची खुर्ची रिकामी, फ्रिजवर नोटीस. मला हातानेच थांबा म्हणाले. अर्ध्या तासाने त्यांनी लिहिलं, कोरमअभावी सभा तहकूब. ती गेल्यापासून दर शनिवारी हेच चाललं होतं.

मी म्हटलं, मला करा संचालक. ते म्हणाले, नुसती सही करणार असाल तर नको, ताई, त्या जागेवर बसून 'का' म्हणून विचारावं लागतं. मी म्हटलं, 'का' विचारू नकोस म्हणून मी माहेरी मार खाल्लाय, सासरी बोलणी खाल्लीत, अजून सवय गेलेली नाही. तेव्हा जरा हसले. मग लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. सरकारी साइटवर कंपनीचं नाव, खाली संचालकांची नावं. एक त्यांचं, एक तिचं.

"तुम्हाला घ्यायचं तर कंपनीला दोन फॉर्म भरावे लागतात. एक तुम्ही आल्याचा. आणि एक ती गेल्याचा. महापालिकेचा दाखला आणला मी. बँकेत कळवलं, गॅसवाल्याला कळवलं. पण इथं ती अजून आहे."

तो फॉर्म भरायची मुदत केव्हाच उलटून गेली होती. ज्याने कंपनीची छत्री उघडली नाही, त्या माणसाने जन्मात पहिल्यांदा कायदा मोडला होता, आणि रोज सकाळी उठून तो मोडलेला कायदा उघडून बघत होता.

मला शहाणपण काही सुचलं नाही. एवढंच म्हटलं, की तुमच्या फोरमनचा फोन आला होता, आणि बोलता बोलता तो रडत होता. त्यांनी लॅपटॉप दोघांच्या मध्ये ओढला. मग फॉर्म उघडला. तारीख घातली. पुढे कारण विचारलं होतं, राजीनामा, मृत्यू अशी यादीच येते, त्यातलं एक निवडायचं. तिथे त्यांचा हात थांबला. माऊस माझ्याकडे सरकवून म्हणाले, एवढं तुम्ही करा. मी केलं. पाठची बहीण होती माझी. तिचं बारसं मला आठवतं.

पुढे माझे फोटो, कागद, सगळे सोपस्कार झाले, साइटवर मात्र जुनीच नावं दिसत राहिली, आणि पंपवाल्यांचा करारही झाला. तीन वर्षांचा नाही, एकाच वर्षाचा. वर्षाने काय होईल ते कोणालाच माहीत नाही. पण मशिनं चालू आहेत.

त्यानंतर एका सकाळी मी दूध तापवत होते, आणि मेहुण्यांचा फोन आला. एरवी ते आधी माझ्या तब्येतीची चौकशी करतात. त्या दिवशी नुसतं म्हणाले, "ताई, आज ती गेली."

मी गॅस बंद केला. म्हटलं, या जेवायला. येतो म्हणाले. पण फोन काही ठेवला नाही त्यांनी, आणि मग मीही नाही ठेवला.