बोडीकाठचे बेशरम

बोडीतला गाळ आणि आमचे किस्से सारखेच, उपसावे तेवढे साचतात. मी रिटायर्ड एसटी कंडक्टर, आवाज मोठा, म्हणून सांगायचं काम माझ्याकडे!

भंडाऱ्यात आमच्या कॉलनीमागच्या बागेत एक बोडी आहे. बोडी म्हणजे छोटा तलाव. त्यात प्लास्टिक साचलेलं, काठानं बेशरमाच्या झुडपांचं रान माजलेलं. ती बुजवून सिमेंटचं कारंजं करायचं नगरपालिकेत घाटत होतं. मेश्राम सरांना हे पाहवेना. सर मराठीचे रिटायर्ड मास्तर, मूळचे एकोडीचे, मॅडम गेल्यापासून एकटे. मुलगा पुण्याला बोलवून बोलवून थकला होता. सर म्हणाले, "बोडी बुजली की जातो. मग इथं बसू कोणाजवळ?"

झालं! आम्ही कामाला लागलो. खरं सांगतो, आम्हाला बोडीपेक्षा सर जातील याचीच धास्ती जास्त होती.

*

सरांनी कॉलनीच्या ग्रुपवर शुद्ध मराठीत मेसेज टाकला, 'उद्या सकाळी बागेतील सर्व बेशरम मुळासकट काढून टाकायचे आहेत. येताना विळा व कुऱ्हाड आणावी.'

बागेत करंजाच्या झाडाखाली ताशपत्ते खेळणारी गुलाबभाऊंची बैठक रोजची. सकाळी गुलाबभाऊ दोन साळ्यांना घेऊन गेटवर हजर! "कोण बेशरम म्हणून राहिला बे आमाले?"

सरांनी त्यांचा हात धरला, काठावर नेलं, गुलाबी फुलांचं झुडूप दाखवलं.  गुलाबभाऊ साळ्याच्या हातातला विळा घेऊन स्वतःच पाण्यात उतरले. तेव्हापासून ताश बंद आहे.

*

आम्ही जोशात बेशरम कापून पाळीवर, म्हणजे बोडीच्या बांधावर फेकलं, फोटो काढले, नाश्ता केला. नंतर चांगला पाऊस झाला आणि फेकलेल्या प्रत्येक कांडीला पालवी फुटली. आधी एका काठाला होतं, आता चारही काठांना!

गुलाबभाऊ म्हणाले, "सर, आपण काढून नाही राहिलो, लावून राहिलो." सर हसले नाहीत. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी पुण्याच्या गाडीचं टाइमटेबल विचारलं. मी कंडक्टर असून मला ते आठवलं नाही!

पुन्हा सगळं उपटलं, या वेळी मुळासकट. उन्हात वाळवलं, मग जाळलं.

*

मासेमारी करणाऱ्या लीलाबाईंनी आपल्या गावच्या तलावातून देवधानाचे, म्हणजे पाण्यात आपोआप उगवणाऱ्या रानटी धानाचे ठोंब आणून दिले. त्यात बदकं अंडी घालतात, मासे लपतात. आम्ही ते लावून घरी गेलो. दुसऱ्या दिवशी पाहतो तर बोडी साफ! काठावर देवधानाचा ढीग आणि ढिगाशेजारी घाम पुसत आमच्या कॉलनीतल्या वत्सलाबाई. सिहोऱ्याच्या. जन्म धानाच्या बांधीत गेलेला.

"धानातलं देवधान कोणी ठेवते का? मी निंदून टाकलं," त्या म्हणाल्या. वर चहा मागितला!

लीलाबाईंनी समजावलं तशा ओशाळल्या आणि सगळे ठोंब त्यांनी परत रोवले. पण रोवणीचा हात तो, सरळ रांगेतच चालणार. पुढच्या वर्षी बदकं पिल्लं घेऊन आली, तीही रांगेत पोहताना दिसली. वत्सलाबाई आजही ते श्रेय सोडत नाहीत. मी तर त्या बदकांना मनातल्या मनात हात जोडले.

*

मग कारंज्याचे साहेब पाहणीला आले. पाणी पाहिलं, पिल्लं पाहिली, वत्सलाबाईंच्या हातचा चहा प्यायले. जाताना म्हणाले, कारंजं गेटजवळ करू, बोडी तुम्ही सांभाळा. पण बोर्डावर मंडळाचं नाव काय टाकू?

नाव? नाव ठेवायचं आमच्या ध्यानातच नव्हतं! कोणी हरित म्हणालं, कोणी वसुंधरा. गुलाबभाऊ चिखलाचे हात घेऊन पुढे आले. "लिवा साहेब, बेशरम मंडळ. कापून फेकलं तरी काठावर उगवते."

साहेब हसत हसत गेले. आम्हाला वाटलं, गंमत झाली. पण बोर्ड खरंच तसाच आला! मी त्याचा फोटो सरांच्या मुलाला पाठवला.

लगेच त्याचा फोन. सर गाळात उभे, म्हणून स्पीकरवर टाकला. सगळ्यांचे हात थांबले.

"बाबा, तिकीट काढू ना आता? आणि हे बेशरम मंडळ काय प्रकार आहे?"

सरांनी बाहीनं चष्मा पुसला.

"तिकीट राहू दे. मी अध्यक्ष आहे त्याचा."