खुंट्यावरची खालची जागा

परीक्षा संपवून मी हैदराबादहून हिंगोलीला उतरले तेव्हा दादा स्वतः बैलगाडी घेऊन आला होता. एरवी गडी येतो. त्याने माझी ट्रंक गाडीत ठेवली आणि विचारले, "पेपर बराबर गेले?" मी म्हटले, चांगले गेले, शेवटचा फिजिक्सचा सगळ्यांत चांगला गेला. त्यावर त्याने नुसती मान हलवली. त्या प्रश्नपत्रिकेची घडी मी पोलक्यात जपून ठेवली होती, वहिनीला दाखवायची म्हणून. तिला वाचता येत नसे, पण आम्ही दोघींनी मिळून समजून घेतलेला प्रश्न कुठे छापलाय ते बोटाने दाखवायचे मी वाटभर ठरवत होते. गोरेगावच्या वाटेवर एका ओढ्याशी दादाने बैलांना पाणी दाखवले आणि माझ्याकडे पाठ ठेवूनच तो म्हणाला, "तुझी वहिनी न्हाई आता. आठ दिस झाले. लेकरू बी गेलं. तुझे पेपर होईस्तोवर कळवायचं न्हाई, असं तिनंच सांगितलं होतं."

मी मनात दिवस मोजले. मी फिजिक्सचा पेपर लिहीत बसले होते तेव्हा तिला जाऊन सहा दिवस झाले होते.

सुभद्रावहिनी पुसेगावची. माझ्याहून दोनच वर्षांनी मोठी. ती लग्न होऊन आमच्याकडे आली तेव्हा मी हैदराबादला मामांकडे राहून इंग्रजी शाळेत शिकत होते. सुटीत घरी आले तरी पुस्तक घेऊन कोपरा धरायची. मला माणसांशी बोलणे जमत नाही. शाळेत मराठीची लाज वाटायची, आणि घरी आले की त्या लाजेचीच लाज वाटायची. त्यामुळे या जानेवारीत हिवताप होऊन मला घरी पाठवले तोपर्यंत वहिनीशी माझी धड ओळखही नव्हती. मॅट्रिकला दोन महिने उरले होते. वर्गात काम आणि एनर्जी यांचा धडा झाला तेव्हा मी तापात होते, आणि आता समजावून सांगायला गावात कोणी नव्हते. दादाने आधीच सांगून ठेवले होते, "पास झाली तर पुढं शीक. न्हाई झाली तर उन्हाळ्यात लगीन. मामांनी पोरगा बघून ठेवलाय." तो हे रागाने म्हणाला नव्हता. म्हणूनच मला त्याची जास्त भीती वाटली.

लढाईमुळे रॉकेल मिळत नव्हते, तेव्हा वाचायचे ते दिवसाउजेडीच. घरातले दळण पहाटेचे असते. ताप उतरल्यावर आई म्हणाली, "आता सुभद्राच्या समोर बसत जा. तिला सहावा महिना लागलाय, एकटीनं वढवत न्हाई." वहिनीने मग दळणच दुपारवर आणले. ओसरीत ऊन यायचे, त्या उजेडात मला एका हाताने पुस्तक धरता यावे म्हणून. शेजारच्या काकू कुंपणावरून म्हणायच्या, "काहून गं, तुमच्या घरी दुपारी उजाडून राहिलं का?" वहिनी म्हणायची, "व्हय काकू, आमच्या ताईंचा सूर्य इंग्रजी हाय."

मी इंग्रजीत पुटपुटायची. ती विचारायची, "काय म्हणून राहिलं पुस्तक?" मग मला मराठीत सांगावे लागे. शाळेने ते शब्द मराठीत शिकवलेच नव्हते. फोर्सला आम्ही 'जोर' म्हटले, एनर्जीला 'दम'. जोर लावला आणि वस्तू सरकली तर काम झाले, नाही सरकली तर झाले नाही, असे मी सांगितले. ती हसली. "म्हंजे डोक्यावर घागर घेऊन मी सासूबाईंचं बोलणं ऐकत हुबी राहते, ते काम न्हाई?" मी म्हटले, पुस्तकाप्रमाणे नाही. "त्या पुस्तकवाल्याच्या डोक्यावर ठिवा एक डाव घागर. सासूबाईंला मी सांगते, सावकाश बोला."

जात्याला मागच्या दिवाळीत दादाने बाभळीचा नवा खुंटा वाकसाने तासून बसवला होता. त्याच्यावर खाली तिचा हात, वर माझा. चार-पाच दिवस गेले असतील... तिने जाते थांबवले. "ताई, तुमचा हात नुसता फिरून राहिला." माझे कान तापले. "राग न्हाई. हाताला कळतंय मला. पर आता सांगा, हे काम झालं का? हात तर दोन कोस चालला असंल तुमचा." आणि त्या क्षणी मला तो धडा समजला. काम म्हणजे जोर गुणिले अंतर. अंतर होते, जोर शून्य होता. कितीही अंतराला शून्याने गुणले तरी शून्यच. मी तिला ते सांगितले तेव्हा तिला इतका आनंद झाला की ती पिठाने भरलेल्या हातांनी टाळी वाजवून बसली. "म्हंजे आमचं अन् पुस्तकाचं एका ठिकाणी तरी जुळलं."

दुसऱ्या दिवशी मी खरोखर जोर लावला. दहा-बारा फेऱ्यांत मला धाप लागली आणि पुस्तक मांडीवरून पडले. तिने माझी बोटे सैल केली. "तुमचा दम तिकडं लावा. हात मातर ठिवा वर, सासूबाईंला दोघी दिसल्या पायजेत. पेपर झाल्यावर तुमी वढा, मी बसून ऐकते." मी हात ठेवला. पुढचा महिनाभर मी नुसता हात ठेवला.

दम नाहीसा होत नाही, फक्त रूप बदलतो, हे मला पटत नव्हते. दगड फिरला, थांबला, मग लावलेला दम गेला कुठे? तिने माझा हात धरून जात्याभोवतीच्या पाळीतल्या पिठात घातला. पीठ गरम होते. मी म्हटले, उन्हाने झाले असेल. "थंडीत पहाटं बी असंच निघतंय. तवा कुठून आलं ऊन?" शाळेतल्या कोणत्याही बाईंनी मला असे उत्तर दिले नव्हते.

मार्चच्या उन्हात तिचे पाय सुजू लागले होते. ते मी पाहिले. एका दुपारी खुंटा तसाच धरून तिने दुसरा हात कमरेवर दाबला आणि डोळे मिटले. तेही मी पाहिले. मी विचारावे की नाही, याचा विचार करत होते... तेवढ्यात ती म्हणाली, "थांबलात काहून? वाचा की." आणि मी वाचले. पान कोणते होते तेसुद्धा मला आठवते.

हैदराबादला परीक्षेत प्रश्न आला होता, जोर लावूनही काम होत नाही आणि हालचाल होऊनही काम होत नाही, अशी एकेक उदाहरणे द्या. मी घागर लिहिली. मग जाते लिहिले, एका खुंट्यावर दोघींचे हात. आजवर मी लिहिलेले ते सगळ्यांत बरोबर उत्तर असावे.

आता मी घरी येऊन पाच आठवडे झाले. निकाल लागायचा आहे. नापास झाले तर तिचे सगळे दळण फुकट गेले. पास झाले तर... ते वाक्य मला पुरे करता येत नाही. लांबत जाणाऱ्या दुपारी मी नुसती बसून राहते. सुईण म्हणाली होती की सातव्यात असे होते, कोणाचा दोष नाही. भेटायला येणाऱ्या बायांना आई सांगते, "तकलीफ कसली न्हवती तिला. दळायला समोर हिचा हात होता ना." आणि बाया माझ्याकडे मायेने बघतात. मी खाली बघते. पाच आठवड्यांत मला एकदाही तोंड उघडता आले नाही. दम नाहीसा होत नाही म्हणतात. तिचा झाला. पीठ आम्ही खाल्ले आणि त्याची ऊब ओसरीवरच निवून गेली, ती परत गोळा करायचा उपाय पुस्तकात कुठेही दिलेला नाही. मी शेवटच्या पानापर्यंत पाहिले.

आईला वाचता येत नाही. पण दादा, वर्तमानपत्राची ही पुरवणी तू वाचतोस. तोंडाने मला सांगवले नाही, म्हणून इथे लिहिते आहे. ओसरीत जा आणि त्या खुंट्याला हात लाव. खालची जागा एका हिवाळ्यात गुळगुळीत झाली आहे, तिच्या घामाने काळी पडली आहे, चार बोटे कुठे बसत ते कळते. मग हात जरा वर ने. महिनाभर रोज माझा हात तिथे होता. तिथे तुझ्या वाकसाच्या धारेचे व्रण अजून जसेच्या तसे आहेत.