सहाव्या मैलाचा दगड

पोलिसाच्या नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण उज्जैनमधली कुठली केस डोक्यातून जात नाही असं कुणी विचारलं, तर मी दगडाची सांगतो. लोक हसतात. तेव्हाही हसले होते.

देवास रोडवर संस्थानच्या काळातला मैलाचा दगड होता. काळा, गुडघ्याच्या जरा वर येणारा, तोंडावर कोरलेलं 'उज्जैन ६'. रांगेतले बाकीचे रस्ता रुंद करताना गेले, हा एकच उरला होता. फ्रीगंजमधल्या एका निवृत्त मराठी शिक्षिकेने अर्जांवर अर्ज करून तो वाचवला होता. एके सकाळी तिथे नुसता खड्डा. बाई ठाण्यात आल्या. मी तेव्हा तिथला टी.आय., म्हणजे ठाणेदार.

"माताजी, पत्थर ही तो है. दूसरा लगवा लो," आमचा मुन्शी, म्हणजे ठाण्याचा लेखनिक, म्हणाला. मी त्याच्यावर असा ओरडलो की बाहेरचा संतरी आत आला.

बाई शांत होत्या. "साहेब, नुसता दगड सापडून उपयोग नाही. तो उभा होता तिथेच सहा मैल होतात. खड्डा बुजला, तर तो कुठेही ठेवा, खोटंच बोलेल."

रस्त्याचं काम पुन्हा चालू होतं, एक-दोन दिवसांत खड्ड्यावर मुरूम पडणार होता. मी तिथे घटनास्थळाचा पंचनामा केला, दोर बांधला आणि शिपाई बसवला. ठेकेदाराचा इंजिनियर धावत आला.

"टी.आय. साहब, गाड़ियाँ खड़ी हैं!"

"रहने दो. डालना है तो डालो, फिर कोर्ट में समझाना कि सबूत पे मुरुम किसने डाला."

तो दोन दिवस म्हणाला, मी महिना मागितला. आठवड्यावर सौदा पटला. मला आठवडाच हवा होता.

नानाखेड्याच्या एका ऑटोवाल्याने खबर दिली, की एक सेठ फार्महाऊसवाल्यांना जुने खांब, दगड विकतो. सेठच्या गोदामात काहीच सापडलं नाही. चौकशीला बोलावला, तर गडी अत्तर लावून आला. "साहब, मैंने तो वो पत्थर आते-जाते कार से ही देखा है." दुपारपर्यंत तेच एक वाक्य.

माझी आई बाजारात भाजी विकायची. तिच्या शेजारी बसून मी एक शिकलो होतो. मालाला नावं ठेवली की विकणाऱ्याच्याने गप्प बसवत नाही. मी फाईल मिटली, चहा मागवला आणि हवालदाराला म्हणालो, "छोड़ो यार. घुटने भर का पत्थर, किसी ने ऑटो में डाला होगा. चटनी पीसने के लायक भी नहीं था."

सेठचा कप हातातच थांबला. "ऑटो में? साहब, ऑटो बैठ जाए! नीचे का मिलाके आदमी बराबर है. आजकल ऐसा पत्थर मिलता कहाँ है?"

वर दिसत होता तो गुडघाभर. जमिनीत किती आहे, हे उपटणाऱ्यालाच कळणार.

"सेठ," मी विचारलं, "कार से नीचे का भी दिख गया?"

त्याने कप खाली ठेवला आणि सगळं कबूल केलं. पोलिसांपुढच्या कबुलीला कोर्टात किंमत नसते, म्हणून मी त्याला तसाच गाडीत घातला. इंदूर रोडवरच्या एका फार्महाऊसमध्ये पंचांसमोर त्याने स्वतः जागा दाखवली. लॉनमध्ये, कारंज्याशेजारी! मालखान्यात, म्हणजे मुद्देमालाच्या खोलीत, तो मावेना, म्हणून ठाण्याच्या आवारात ठेवला. मग मी कोर्टात खेटे घातले आणि दगड मूळ जागीच उभा करायच्या अटीवर बाईंच्या सुपुर्दगीत, म्हणजे ताब्यात, मिळवला. आठवड्याच्या आत. क्रेनने सोडला तेव्हा तो खड्ड्यात असा बसला की पाचरसुद्धा मारावी लागली नाही. बाई पदराने त्यावरचा मुरूम पुसत राहिल्या.

समारंभ झाला, दगडाशेजारी फलक लागला. हार वरिष्ठांच्या गळ्यात पडला आणि मला ट्रॅफिक बंदोबस्त दिला. माझं नाव कुणी घेतलं नाही. वर खात्यात 'पत्थरवाले साहब' म्हणून चिडवलं ते वेगळंच. हे मी विसरलेलो नाही, विसरणारही नाही.

या केसने मला शिकवलं, की खोटं बोलणारा आरोपाला तयार असतो, मालाच्या अपमानाला नसतो. पुढे पुष्कळ तपासांत ते कामी आलं.

आता नानाखेड्याहून देवासची बस धरली की मी डावीकडची खिडकी भांडून मिळवतो. शेजारच्या फलकावर कुणाचं नाव आहे, ते मी वाचत नाही. दगडावरचं वाचतो. 'उज्जैन ६'. आणि तिथून उज्जैन बरोबर सहाच मैल आहे.