दोनदा मागण्याचा नियम

प्रसूती विभागातल्या मोठ्या सिस्टर सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या कळांवर जगल्या. येणाऱ्या प्रत्येकीला त्या सगळे उपाय हॉटेलातल्या वेटरच्या सुरात सांगत: गरम पाण्याची पिशवी, येरझाऱ्या, श्वासाबरोबर ओढायचा गॅस, इंजेक्शन, आणि पाठीत बसवायची भुलीची बारीक नळी. "सोसलंस म्हणून कुणी पदक देत नाही," हे शेवटी, फुकट.

मात्र जिने आधीच 'नळी नको' असं लिहून दिलंय, तिच्यासाठी नियम होता. तिने एकदा मागितली तर सिस्टर पाठ चोळत. दुसऱ्यांदा मागितली, तरच भूल देणाऱ्या डॉक्टरांना बोलवत. पहिलं मागणं कळेचं, दुसरं बाईचं, असं त्यांचं शास्त्र. त्याला अपवाद नव्हता, कारण त्यांची स्वतःची लेक अजून बाळंत व्हायची होती.

लेक आली ती 'नळी नको' लिहूनच. सकाळी दहाला तिने दात आवळून विचारलं, "आई, ती नळी मिळेल का गं?" सिस्टरांनी पाठ चोळायला घेतली. अकरा वाजले. लेक पलंगाची कड पिळत होती, पण नळीचं नाव पुन्हा काढत नव्हती. नियम तिला लहानपणापासून पाठ होता, आणि दुसऱ्यांदा मागणं म्हणजे आईपुढे हरणं.

"मी मागतो ना," जावई काकुळतीला आले.

"नवऱ्यांचं धरत नाही. तुम्ही पाणी आणा."

एवढ्यात भूलवाले डॉक्टर दारात आले. "अर्ध्या तासात ऑपरेशनला जातोय. मग तीन तास सुटका नाही. इथे काही?"

सिस्टरांनी लेकीकडे पाहिलं. लेकीने भिंतीकडे पाहिलं.

"आहे," सिस्टर म्हणाल्या. "हिने एकदा मागितलीय. एकदा मी मागते. झाले दोन."

"हे नियमात बसत नाही," लेक कण्हली.

"नियम माझाय. तुला हवीय की नकोय, तेवढं बोल."

"हवीय गं बाई!"

नळी बसली. थोड्या वेळाने कळा न दुखता नुसत्या दाबासारख्या येऊन जाऊ लागल्या, आणि जावयांनी आणलेलं पाणी कोमट असल्याची लेकीने तक्रार केली. सिस्टरांना हायसं वाटलं; ही मुलगी त्यांच्या ओळखीची होती. दुपारी नात झाली. आवाजावरून ती आजीवर गेली असावी.

दुसऱ्या दिवशी धाकट्या नर्सने विचारलं, "चार नंबरच्या ताईंनी एकदा नळी मागितलीय. पाठ चोळू?"

"चोळ की," सिस्टर म्हणाल्या, "पण आधी डॉक्टरांना बोलव."