नव्वद अंशांचा किस्सा

सरांनी माझ्या हातातला खडू काढून घेतला, रुमालाने पुसला आणि मगच फळ्याला टेकवला.

जुन्नरचं कॉलेज, अकरावीचा वर्ग. दोन सदिशांमधला कोन काढायचा होता. सदिश म्हणजे लांबी आणि दिशा असलेले बाण. मी त्यांचा गुणाकार केला. शून्य आला. घाईत कोनही शून्य लिहिला.

"शून्य नव्हे, मेंढपाळ. नव्वद अंश. एकाची सावलीसुद्धा दुसऱ्यावर पडत नाही. तुझं घराणं आणि गणित, तसंच. गुणाकार शून्य."

वर्ग हसला. व्यापाऱ्यांची, बागायतदारांची पोरं. मीही हसलो. नसतो हसलो तर बाकावर कुणी शेजारी बसू दिलं नसतं.

पुढे मीच गणिताचा मास्तर झालो. हा धडा आला की तो किस्सा सांगायचो. सरांच्या आवाजात. पोरं खूश. वर्गात मेंढरांमागे फिरणाऱ्यांची मुलंही असायची. त्यांच्या तोंडाकडे मी कधी पाहिलं नाही. पाहायचं टाळलं, हे खरं.

निवृत्तीनंतर राजुरीत शिकवणी घेतो. यंदाही सांगितला. येडगावची एक मुलगी हसली नाही.

"मंग तुमी काय म्हनला, सर?"

"काही नाही. हसलो."

"लई वर्षं हसताय."

मागून एक पोरगा म्हणाला, "गप ए, जोक हाय तो."

"आसंल. माझ्या बापावर हाय."

मी फळ्याकडे वळलो. एकाच रेषेवर दोन बाण काढले. यांना कितीही ताणा, जोडा, रेषेबाहेर पाऊल पडत नाही. एक पुसला, काटकोनात दुसरा काढला. आता फळ्यावरचा कुठलाही बिंदू गाठता येतो. एकाकडे अजिबात नाही ते दुसरा आणतो. काटकोनाचा अर्थ हा.

सरांना तो ठाऊक होता. पुढच्याच आठवड्यात त्यांनी तो शिकवला. तेव्हा माझं घराणं त्यांना आठवलं नाही.

येत्या रविवारी सरांचा सत्कार आहे. आयोजकांचा फोन आला, "तुमचा तो किस्सा होऊन जाऊ द्या, राव." सर आता थकलेत, समोरच बसलेले असतील. घरचे म्हणतात, जाऊ द्या, म्हातारा माणूस आहे. मीही म्हाताराच आहे.

मी जाणार. किस्सा नाही, घडलं ते सांगणार, माझ्या आवाजात. कुणी हसलं तर थांबेन. हसू संपलं की पुन्हा पहिल्यापासून सांगेन.