कुजबुजत शिकलेलं बोलणं

१९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात गेला, त्यात माझ्या दोन्ही मावश्या नवऱ्यांच्या बदल्यांपायी औरंगाबादला गेल्या. इकडे हैदराबादला नल्लकुंट्यात उरलो आम्ही तिघं, आणि आईनं अंथरूण धरलं. ताप नाही, खोकला नाही. नुसती भिंतीकडे तोंड करून पडून असायची. डॉक्टरांनी अशक्तपणा म्हणून टॉनिक दिलं. नैराश्य हा शब्द आमच्या घरी यायला पुढं कितीतरी वर्षं लागली.

मी तीन वर्षांची होते. बाबांचा एकच नियम: आवाज करायचा नाही. ते स्वतः शिंक आली तरी अंगणात पळायचे. त्यामुळे मी नीट बोलायला शिकले ती कुजबुजतच.

शाळेत पहिल्या दिवशी मी शेजारच्या मुलीच्या कानाशी लागले. लगेच चार-पाच जणी गोळा झाल्या. "काय गं, काय म्हणाली?" गुपित एवढंच होतं, की मला पाटीवरची ओली बोटं पुसायला फडकं हवं होतं. आठवडाभरात माझ्या कुजबुजीकडे कुणी कान देईना. बाईंना वाटलं घसा बसलाय. त्यांनी चिठ्ठी पाठवली, बाबांनी निमूटपणे ज्येष्ठमध आणला.

तिसरीत हुतूतू सुरू झालं. मी दम धरून आत शिरायचे, पण माझं हुतूतू माझं मलाच ऐकू यायचं. "दम गेला!" बाई ओरडायच्या. एकदा समोरच्या एका दांडग्या मुलीनं माझी वेणीच पकडली आणि हैदराबादी झाडली, "जोर से बोल गे, हलक में मेंढक बैठा क्या?" घशात बेडूक बसलाय का, म्हणे.

"सोड!"

हा आवाज माझा, हे मला जरा उशिरानंच कळलं. तिनं घाबरून वेणी सोडली.

घरी येऊन मी हा पराक्रम त्याच आवाजात सांगू लागले. बाबा दोन्ही हात हलवत धावले. आतून आई म्हणाली, "बोलू द्या तिला." मग थोड्या वेळानं, "वेणी कुणी धरली?"

म्हणून ती लगेच उठून कामाला लागली, असं झालं नाही. सावरायला तिला आणखी तीन-चार वर्षं लागली. मलाही मैत्रीण मिळाली ती थेट आठवीत. आवाज होता, पण चार माणसांत बोलायचं काय, हसायचं कधी, हे घरात पाहिलंच नव्हतं. मैत्रिणीकडे सात माणसं, सगळी एकदम बोलायची. मला वाटायचं भांडण जुंपलंय, मी चपला घालायचे. तिची आई हाताला धरून बसवायची. "बैस गं, आम्ही चहाच पितोय."