भावाच्या टाकीचं पाणी

नव्वदचं दशक सरता सरता मी नाशिकमधल्या एका सरकारी वैद्यकीय संशोधन केंद्राची प्रभारी प्रमुख झाले. आधीचे प्रमुख निवृत्त झाले, दिल्लीला नवा माणूस सापडेना, आणि मी जेवणाच्या सुट्टीत सापडले. प्रभारी म्हणजे सह्या सगळ्या करायच्या, पगार तोच.

पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवर जुलाबाची साथ आली की आम्ही पाण्याचे नमुने नाशिकला आणून तपासायचो. निकाल हाती येईतो साथ ओसरलेली असायची. म्हणून आम्ही एक बाटली तयार केली. आत औषध लावलेली कागदाची पट्टी. पाणी भरायचं, बाटली उबेत ठेवायची. पाण्यात मैल्याचे जंतू असले तर एक-दोन दिवसांत ते शाईसारखं काळं व्हायचं. ते वाचायला ना सूक्ष्मदर्शक लागायचा, ना मी.

पण अशा बाटल्या हजारोंनी बनवणार कोण? दिल्लीचा हुकूम होता की तंत्रज्ञान उद्योगाकडे सोपवा. जो प्रमुख हे करील तो कर्तबगार. जंतू वाढवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली होती. गिऱ्हाईक पटवायला मला कुणी शिकवलं नव्हतं. तरी एका डिसेंबरात मी सातपूरच्या एका शेठकडे गेले. त्यांचा औषधाच्या बाटल्यांचा कारखाना होता. धाकट्या भावाशी वाटणी होऊन कारखान्याच्या मधोमध भिंत उभी राहिली होती. टाक्याही वेगळ्या झाल्या होत्या.

शेठनी बाटली उलटसुलट करून पाहिली. "मॅडम, काळा रंग कोण विकत घेईल? गुलाबी नाही का होणार?"

"जंतूंना विचारून सांगते."

ते हसले, पण बधले नाहीत. "आणि आपल्या नाशिकला याची गरजच काय? पाणी घ्या, अगदी अमृत आहे," म्हणत त्यांनी कूलरमधून ग्लास भरून दिला. मला तहान लागली होती. तरीही मी ते पाणी पर्समधल्या बाटलीत ओतलं आणि बाटली त्यांच्या टेबलावर ठेवून उठले.

दुसऱ्या दिवशी गेले तर शेठ दारातच उभे. "बघा! स्वच्छ!"

मी बाटलीला हात लावला. बर्फ. शेठनी ती रात्रभर उघड्या खिडकीत ठेवली होती.

"शेठ, जंतूंनाही थंडी वाजते. जरा उबेत ठेवा."

त्यांनी ती नाइलाजानं बॉयलरच्या खोलीत ठेवली. पुढच्या सकाळी फोन आला, "मॅडम, पाणी काळं झालं. तुमची बाटली खराब आहे."

मी आणखी बाटल्या घेऊन गेले. एकीत उकळून गार केलेलं पाणी भरलं, बाकीच्यांत कूलरचं. उकळलेलं तसंच राहिलं, बाकी सगळ्या बाटल्या काळ्या. शेठ शिडी चढून टाकीवर गेले. टाकीचं झाकण केव्हाच उडालं होतं, आणि कबुतरांनी तिथे संसार थाटला होता. टाकी धुऊन झाल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं.

"एखादी जास्तीची बाटली आहे?"

"कशाला?"

त्यांनी हनुवटीनं भिंतीकडे खूण केली. "भावाकडचं बघू."

त्यांनी पाणी कुणाकरवी मिळवलं, देव जाणे. मी पुन्हा गेले तेव्हा शेठ खुर्चीत एक हात स्वेटरमध्ये घालून बसले होते. मला वाटलं छातीत दुखतंय.

"नाही हो. थंडी आहे ना, बाटलीला ऊब नको का द्यायला?"

त्यांनी इतक्या मायेनं ऊब दिली, तरी भावाचं पाणी काळं झालंच नाही. आणखी एक दिवस त्यांनी वाट पाहिली. मग खट्टू होऊन फोन केला, "या मॅडम. करू आपण."

"म्हणजे पटलं?"

"ही बाटली खरी आहे. खोटी असती तर माझ्या बाजूनं बोलली असती."

करारावर सह्या करायला दिल्लीहून आमचे मोठे साहेब आले. भाषण संपवून त्यांनी प्रात्यक्षिक मागितलं. मी त्यांच्याच समोरचा अर्धा प्यायलेला ग्लास उचलून बाटलीत ओतला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेब नाशिक रोडवरून गाडीत बसले आणि दिल्लीला पोचल्यावर त्यांचा फोन आला.

"काय निघालं?"

"सर, आपण किती प्यायलात?"

"अर्धा ग्लास."

"मग अर्धंच घाबरा, सर."

काही महिन्यांनी मला कायम केलं. निवड समितीत साहेब म्हणाले होते म्हणे, हिला एका जागी बसवा, नाहीतर ही गावभर पाणी भरत फिरेल.

त्या पावसाळ्यात शेठच्या कारखान्यातल्या बाटल्या पाड्यांवर पोचल्या. सुरगाण्याकडच्या एका आरोग्यसेविकेनं काळी झालेली बाटली सरपंचांच्या टेबलावर, चहाच्या कपाशेजारी ठेवली आणि विहिरीसाठी जंतुनाशक पावडर येईपर्यंत तिथून हललीच नाही. तिनं हे मला हसत हसत सांगितलं. मला इतका आनंद झाला, की शिस्तीबद्दल दोन शब्द बोलायचे राहूनच गेले.